पाचव्या महिन्याची सोनोग्राफी



एका परिचारिकेच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत सोनोग्राफीवर बोलायचं, तर पहिल्यांदा हे सांगायला हवं की त्यांच्या उमेदीच्या काळात ही गोष्ट तारापूरच्या या किनाऱ्यावर नव्हतीच. पोटावर नळी टेकवायची, कान लावायचा, ठोके मोजायचे. हाताने चाचपून बाळ आडवं की उभं ते ठरवायचं. बाकी सगळं बाळंतपणाच्या दिवशी कळायचं.

संयोजकांनी मला शीर्षक सुचवलं होतं, ‘गर्भावस्थेतील तपासण्या : वरदान की शाप?’ शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून या ‘वरदान की शाप’ने आपली पाठ सोडलेली नाही. मी नम्रपणे नकार दिला. बोईसरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या जोडप्याला वरदानाशी कर्तव्य नसतं आणि शापाशीही. त्यांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. तिच्यावर डबल मार्कर, बाळाच्या मानेमागची जागा मोजणारा एनटी स्कॅन, पाचव्या महिन्यात अ‍ॅनॉमली स्कॅन असं लिहिलेलं असतं आणि तोंडी सांगितलेलं असतं, ‘जमलं तर एनआयपीटीही करून घ्या.’ त्यांचा प्रश्न सरळ आहे. यातलं काय करायचं, काय सोडायचं, आणि पैसे कुठे मोजायचे? मी आयुष्यभर सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवलं. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा हिशेबाचा आहे, आणि हिशेब मला येतो.

हे यंत्र आलं कुठून ते ऐकलंत तर तारापूरकरांना ते घरचंच वाटेल. इयन डोनाल्ड हे ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ. १९५५ च्या जुलैत ते रेनफ्रू इथल्या ‘बॅबकॉक अँड विल्कॉक्स’ या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. त्या कारखान्यात जाड पोलादी पत्र्यातली आणि वेल्डिंगमधली चीर शोधायला ध्वनिलहरी वापरत. डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून नेल्या होत्या आणि तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून दिला. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचा प्रतिध्वनी वेगळा येतो, हे त्या दिवशी दिसलं. टॉम ब्राऊन या तरुण इंजिनिअरने पुढे यंत्र उभं केलं आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. इथल्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामावर असलेल्यांना ‘यूटी’, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, काय असते ते सांगायला नको. रिअ‍ॅक्टरच्या वेल्डवर प्रोब फिरवणारा माणूस आणि गर्भवतीच्या पोटावर प्रोब फिरवणारा डॉक्टर एकाच भौतिकशास्त्रावर पोट भरतात. आणि दोघांच्याही रिपोर्टचा अर्थ एकच असतो, या प्रोबने, या माणसाला, या दिवशी जे दिसलं ते.

हे मुद्दाम सांगते, कारण इथे ‘किरणं’ या शब्दाला वेगळं वजन आहे. ऑक्टोबर १९६९ पासून अणुवीज केंद्र शेजारी आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या वीज बनवणाऱ्या देशातल्या पहिल्या. अशा गावात ‘सोनोग्राफीची किरणं बाळाला लागतात का?’ हा प्रश्न येणारच. लागत नाहीत. तो आवाज आहे, आपल्या कानाला ऐकू न येणारा. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनशी त्याचा संबंध नाही.

पण त्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो आणि तो जास्त गंभीर आहे. ‘आम्ही इथे राहतो. अणुभट्टी आहे, केमिकलचे कारखाने आहेत. म्हणून आम्ही जास्त तपासण्या करायला नकोत का?’ महागडी तपासणी विकणाऱ्याला असा प्रश्न ऐकून आनंदच होतो. म्हणून तो जरा सोडवून बघू.

आधी किरणोत्सर्ग. गर्भात व्यंग निर्माण व्हायला जी मात्रा लागते असं मानलं जातं, ती साधारण १०० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. अणुऊर्जा नियामक मंडळाने सर्वसामान्य माणसासाठी घातलेली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे ढोबळ मानाने त्या मात्रेचा शंभरावा भाग. केरळात चवरा-नींदकराच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे निसर्गतःच किरणोत्सर्ग जास्त आहे. तिथल्या ३६ हजारांहून अधिक नवजात बालकांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण किरणोत्सर्गाबरोबर वाढलेलं आढळलं नाही. अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेचा आहे, म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडावं, हरकत नाही. मात्र नाक मुरडणं हा काही उलट पुरावा होत नाही.

रसायनांची गोष्ट निराळी. तिथे मी तुम्हाला दिलासा द्यायला आलेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. पहिला नंबर असा यावा याची लाज कोणाला वाटली का, ठाऊक नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित लवादात वर्षानुवर्षं दावा चालवला तो इथल्या प्रदूषित पाण्यासाठीच. शिसं, पारा, काही सेंद्रिय द्रावकं गर्भाला घातक असतात, यात शंका नाही.

आता यातली खोच बघा. डबल मार्कर आणि एनआयपीटी या आईच्या रक्तावरच्या तपासण्या मुख्यतः शोधतात ते डाऊन सिंड्रोम आणि गुणसूत्रांच्या संख्येतले असे दोन-चार बिघाड. हे बिघाड बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच झालेले असतात आणि आईच्या वयाबरोबर वाढतात. कारखान्याच्या नाल्याशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे भीती केमिकलची, आणि पैसे मोजायचे गुणसूत्र मोजायला. बरं, रसायनाने काही इजा झालीच तर ती कधी होते? बाळाचे अवयव घडतात गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. मज्जारज्जूची नळी तर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होऊन जाते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं नक्की कळलेलंही नसतं. पाचव्या महिन्यात स्क्रीनवर दिसतं ते तीन महिन्यांपूर्वी घडून गेलेलं. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या मुलीला वाचवायचं असेल तर पाळी चुकल्याच्या आठवड्यात तिची जागा बदलली पाहिजे. आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी तर लग्नानंतर मूल हवं असं ठरलं की त्याच दिवशी सुरू करावी. जिच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचं व्यंग होतं, तिला फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर पुन्हा तसंच होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली दाखवून दिलं. ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कुठलाही लॅबवाला तिची जाहिरात करत नाही, यात नवल ते काय!

आता हिशेब. सोपा जावा म्हणून विशी-पंचविशीतल्या १०,००० गर्भवती घेऊ आणि या वयात हजारात एक बाळ डाऊन सिंड्रोमचं असतं असं धरू. म्हणजे अशी १० बाळं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन आणि डबल मार्कर एकत्र केले तर त्यातली साधारण ९ सापडतील. चांगलं आहे. पण ही तपासणी शंभरात पाच निरोगी बाळांवरही लाल शाई मारते. म्हणजे सुमारे ५०० घरांत ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट जाईल आणि ते बाळ ठीक असेल. ज्या ५०९ बायका रडतील त्यातल्या पाचशे विनाकारण रडतील. एनआयपीटी खूपच नेमकी आहे. ती दहाच्या दहा पकडेल आणि हजारात एकीलाच चुकीचा इशारा देईल, म्हणजे दहा हजारांत दहा. जाहिरातीत ‘९९ टक्के अचूक’ असं जे छापतात ते खोटं नाही. फक्त आपल्या या हिशेबात पॉझिटिव्ह आल्या वीसजणी आणि त्यातल्या दहा ठीक, म्हणजे नाणेफेक. हीच तपासणी चाळिशीतल्या बायकांत केली, जिथे शंभरात एक बाळ असतं, तर पॉझिटिव्ह आलेल्या दहातल्या नऊ खऱ्या निघतात. तपासणी तीच, किंमत तीच. वय बदललं की तिच्या उत्तराचा भरवसा बदलतो.

म्हणून या दोन्ही तपासण्या चाळणीच्या आहेत, निदानाच्या नाहीत. निदान करायचं तर पोटातून सुई घालून गर्भजल काढावं लागतं, सोळाव्या आठवड्याच्या आसपास. त्यात गर्भपाताचा थोडासा धोका असतो. पूर्वी तो शंभरात एक सांगत, आता सराईत हाती त्याहून बराच कमी. डबल मार्करची चिठ्ठी घेताना डॉक्टरांना एकच विचारा, ‘पॉझिटिव्ह आली तर पुढे काय, आणि ते कुठे होतं?’ आणि घरी येऊन एकमेकांना विचारा, ‘डाऊन सिंड्रोम आहे असं नक्की कळलं, तर आपण काय करणार?’ काही जोडपी म्हणतात, आम्ही बाळ ठेवणार. त्यांनी ही तपासणी खुशाल सोडावी. काहीजण म्हणतात, ठेवू पण आधी कळलं तर तयारी करू, तेही रास्त. काहीजण म्हणतात, आम्हाला झेपणार नाही. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. पण त्या यादीतलं मूल घेऊन तालुक्याच्या ठिकाणी थेरपिस्ट शोधायला निघालेल्या आईला कायदा किती उपयोगी पडतो, ते तिलाच विचारा. ज्यांना हा प्रश्न एकमेकांना विचारायचाच नाही, त्यांनी मात्र ‘सगळे करतात म्हणून’ तपासणी करू नये.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीबद्दल माझं मत वेगळं आहे. ती करावी. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान, नीट, वेळ देऊन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गर्भवतीसाठी चोविसाव्या आठवड्याआधी एक सोनोग्राफी सांगितली आहे. एक. दर महिन्याला एक नव्हे. १९९३ साली अमेरिकेत पंधरा हजारांवर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. ज्यांच्या सोनोग्राफी सरसकट केल्या आणि ज्यांच्या गरजेपुरत्याच केल्या, त्या दोन गटांत बाळांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. तेव्हाची यंत्रं जुनी होती हे मान्य. तरी ‘जितक्या जास्त तितकं चांगलं’ हे तेव्हापासून कोणी सिद्ध केलेलं नाही.

नीट केलेल्या सोनोग्राफीतही सगळं दिसत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने स्वतःच आकडे दिले आहेत. डोक्याची कवटी न बनणं शंभरात ९८ वेळा कळतं, पाठीचा कणा उघडा राहणं ९०, फाटलेला ओठ ७५ आणि हृदयातले गंभीर दोष निम्मे. हे प्रशिक्षित माणसं, चांगली यंत्रं आणि अर्ध्या तासाची वेळ असताना. म्हणून खाजगी केंद्रात पैसे मोजणारच असाल तर थ्रीडी फोटोला मोजू नका. बाळाचा गोड चेहरा जन्मल्यावर फुकट बघायला मिळतो. पैसे मोजायचे ते तपासणाऱ्याच्या अर्ध्या तासाला. हृदयाचे चारही कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या बघणार का, हे विचारा. पाच मिनिटांत ‘सगळं नॉर्मल’ म्हणून बाहेर काढलं, तर कारखान्यातला यूटीवाला असा वेल्ड पास करेल का, याचा विचार करा.

सरकारी दवाखान्यात ही सोनोग्राफी फुकट आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गर्भवतीच्या तपासण्यांचे पैसे घेता येत नाहीत आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीचा दिवस असतो. अडचण पैशांची नसते, माणसाची असते. यंत्र असतं, रेडिऑलॉजिस्ट ठरावीक दिवशीच येतो, रांग मोठी. रोजंदारी बुडवून दोनदा परत गेलेली बाई तिसऱ्यांदा खाजगीत जाते. तिला मी अडाणी म्हणणार नाही.

आता भाव बघा. डबल मार्कर दोन-तीन हजार, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी दीड हजारापासून चार हजारांपर्यंत, एनआयपीटी दहा हजारांच्या पुढे पंचवीस हजारांपर्यंत. ईएसआयसीच्या कामगार विम्याची पगाराची मर्यादा आहे महिना २१,००० रुपये, आणि कंत्राटी कामगार बहुधा तिच्या बराच खाली. म्हणजे एका एनआयपीटीत घरातला महिना जातो. हा महिना नक्की कुठून येतो? बहुतेक वेळा त्याच बाईच्या दूध-अंड्यांतून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या गर्भवतींपैकी ५२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन आठ असलेल्या मुलीच्या हातात पंचवीस हजारांचा गुणसूत्रांचा रिपोर्ट बघितला की मला राग येतो, आणि तो तिच्यावर नसतो. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक केलं. चिठ्ठीमागे कमिशनचा ‘कट’ कसा फिरतो ते त्यात डॉक्टरांनीच सांगितलं आहे. सगळ्याच चिठ्ठ्या तशा नसतात. कोर्टात कोणी खेचेल या धास्तीनेही डॉक्टर सगळं लिहून मोकळे होतात.

पैशांच्या गडबडीत या जिल्ह्याची स्वतःची तपासणी मात्र राहून जाते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी बाळाची. ही गोष्ट कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही, कितीही भारी यंत्र आणा. ती दिसते रक्ताच्या थेंबात. बाई वाहक निघाली की लगेच नवऱ्याचं रक्त तपासायचं. तो नाही निघाला तर विषय संपला. दोघेही निघाले तर परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत गर्भाची तपासणी होते. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली आणि २०४७ ची मुदत घातली. मुदत लांबची आहे. चाचणी मात्र आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या बाईचं नाव आशाताईने त्याआधी नोंदवलं, रक्त घेतलं आणि एक लवकरची सोनोग्राफी करून दिवसांची खात्री केली, तर त्या कार्डावर पुढच्या कुठल्याही दवाखान्याला काम करता येतं. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफीच दिवस खरे सांगते. सातव्या महिन्यात केलेली तीन आठवडेही चुकू शकते.

प्रत्येक केंद्राच्या दारावर पाटी असते, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ त्या पाटीमागचा इतिहास महाराष्ट्राचाच आहे. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं तेव्हा ४२ जण लिंगनिदान करत होते. स्त्री संघटनांनी रान उठवलं आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या, बीडमध्ये ८०७. म्हणून प्रत्येक सोनोग्राफीला भरायचा फॉर्म एफ, म्हणून यंत्र उचलून पाड्यावर न्यायला कडक बंधनं. डॉक्टरांची त्यावर कुरकुर असते. पाड्यावरची बाई यंत्रापर्यंत यायला हवी, ही त्या बंधनांची किंमत आहे आणि ती तिलाच मोजावी लागते. हे मी नाकारत नाही. पण ती कोणामुळे लागली ते विसरून चालणार नाही. एनआयपीटीही याच कायद्याखाली येते. न्यू जर्सीतली लेक आईला दहाव्या आठवड्यातच ‘मुलगी आहे’ सांगते आणि इथे मैत्रिणी विचारतात, आम्हाला का नाही सांगत? उत्तर ८९४ आणि ८०७ या आकड्यांत आहे. त्याच कायद्यात निदानाच्या तपासण्या कोणाच्या कराव्यात याची कारणं दिली आहेत. वय पस्तिशीवर, दोन किंवा अधिक वेळा गर्भ पडलेला, घराण्यात तसा आजार, आणि औषधं, किरणोत्सर्ग, संसर्ग किंवा रसायनांशी आलेला संपर्क. हे शेवटचं कारण तारापूरसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. कामावर असा संपर्क आला असेल तर डॉक्टरांना ते सांगा, कागदावर लिहून घ्या.

राहिला वेळेचा प्रश्न. २००८ साली मुंबईचं एक जोडपं आणि डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. बाळाच्या हृदयात गंभीर दोष होता आणि तो विसाव्या आठवड्यानंतर कळला होता. गर्भपाताच्या कायद्याची मर्यादा तेव्हा वीस आठवडे. न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे तेरा वर्षांनी, २०२१ साली कायदा बदलला. ठरावीक कारणांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यानंतरही. संमती सज्ञान बाईची एकटीची चालते; नवऱ्याची, सासूची सही लागत नाही. तरी कायद्याने दिलेले हे चार आठवडे बोईसरला पुरत नाहीत. बाविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, शंका आली, मुंबईची अपॉइंटमेंट आठवड्याने मिळाली, गर्भजलाच्या रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागले, की चोवीस आठवडे संपले आणि वैद्यकीय मंडळाचीच वाट उरली. म्हणून तारीख अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्याची घ्या. केंद्र खाजगी असो की सरकारी.

शेवटी एक मागणी. इथल्या कारखानदारांच्या प्रतिनिधींना मी पुढच्या रांगेत बघते आहे. सीएसआरमधून सोनोग्राफी यंत्र द्यायची कल्पना दरवर्षी निघते. फीत कापता येते, फोटो येतो. यंत्र देऊ नका. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण वेळ बसणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं मानधन द्या, सिकलसेल तपासणीच्या तंत्रज्ञाचा पगार द्या, आणि तुमच्या स्वतःच्या शॉपमध्ये दिवस गेलेल्या मुलीची जागा ती सांगेल त्या दिवशी, पगार न कापता, बदला. पहिल्या दोन गोष्टींचा वर्षाचा खर्च किती येईल तो मी कागदावर मांडून आणला आहे, अध्यक्षांकडे देते. तिसरीला खर्च नाही.